समावेशाची वेस

व्यवस्थापन शिक्षणसंस्थांच्या माहितीपुस्तिकांत हल्ली ‘विविधता व समावेशन’ ही जोडी हटकून भेटते. पैकी विविधतेचे कूळ सरळ आहे. ‘विधा’ म्हणजे प्रकार, त्याला ‘वि’ लागला, बस्स. खोदण्याजोगा आहे तो समावेश.

सम् + आ + विश्. विश् म्हणजे शिरणे. प्रवेश त्यातलाच, आणि हिंदीवाले गुंतवणुकीला म्हणतात तो ‘निवेश’ही. आवेश म्हणजे मुळात देवाने वा भुताने देहात शिरणे, आपले ‘अंगात येणे’. काश्मिरी शैवांच्या परिभाषेत तर समावेश म्हणजे जीवाचे शिवात मुरणे. ‘यादीत नाव समाविष्ट करणे’ हा मात्र कारकुनी अर्थ.

गंमत अशी, की ज्या ‘इन्क्लूजन’साठी आपण हा शब्द योजला, त्याच्या पोटात लॅटिन ‘क्लाउदेरे’ म्हणजे बंद करणे आहे. मूळ अर्थ आत कोंडणे! हिऱ्यात अडकलेल्या परक्या कणालाही रत्नपारखी इन्क्लूजनच म्हणतात, आणि सहसा त्यापायी हिऱ्याची किंमत उतरते. आपला शब्द दार उघडतो, त्यांचा लावतो. ‘सामावून घेणे’ हा मात्र समावेशाचा भाऊ नव्हे, नुसता तोंडवळा सारखा. तो ‘मावणे’च्या घरचा, म्हणजे मापणे या अर्थाच्या ‘मा’ धातूचा दिसतो. येणारा भांड्यात मावतो का, हा त्याचा प्रश्न. भांडे बदलण्याचा विषय त्यात नाही.

विश् नामरूपाने आला की वसती, लोक असा अर्थ होतो, त्यावरून वैश्य. ग्रीक ‘ओइकोस’ म्हणजे घर हा त्याचाच दूरचा आप्त, आणि त्या ओइकोसमधून इकॉनॉमिक्स निघाले. म्हणजे व्यापारी, अर्थशास्त्र, प्रवेश आणि समावेश ही सगळी एका वाड्यातली मंडळी! गावाची ‘वेस’ही याच धातूची असावी, जिथून शिरायचे ती. आणि वेस म्हटली की वेशीबाहेरचे आलेच.

वेशीबाहेर ठेवलेल्या समाजातले डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया आणि लंडन इथे हेच ओइकोसचे शास्त्र शिकले. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम या वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेव्हा प्राध्यापकांसाठीच्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्याला काही सहकाऱ्यांनीच हरकत घेतली. प्रवेशाला ‘प्र’ पुरतो. ‘सम्’ म्हणजे एकत्र, तो त्या भांड्यापाशी अडला.

आता ‘राखीव जागा’. राखीव हा रक्ष् > रक्ख > राख असा प्राकृतातून आलेला, ‘कोरीव’, ‘पाळीव’च्या घडणीचा. जागा फारसी ‘जायगाह’वरून आलेली दिसते. यातला ‘गाह’ दर्ग्यातही आहे: दर म्हणजे दार, आपल्या द्वाराचा भाऊबंद. जुन्या फारसी शिलालेखांत ‘गाथु’ म्हणजे स्थान, आणि सिंहासनसुद्धा! ‘कोटा’ लॅटिन, ‘कितवा भाग’ या अर्थाचा, म्हणजे संस्कृत ‘कति’चा सगोत्र. त्यामुळे कोटा म्हटले की भांडण ‘किती’वरच यावे, हे कुळाला धरूनच झाले.

आयआयएममध्ये इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा मिळाल्या त्या २००६ च्या कायद्याने. सर्वोच्च न्यायालयाने तो २००८ मध्ये उचलून धरला. मुलींसाठी तसा कायदा नाही, तरी कोझिकोडच्या आयआयएममध्ये २०१३ साली दाखल झालेल्या तुकडीत मुली निम्म्याहून अधिक होत्या. कायदा असो वा नसो, ही सगळी गणिते प्रवेशाचीच. तुकडीत गट कोण कोणाबरोबर करतो, इंग्रजी अडखळणाऱ्याला चर्चेत वाक्य पुरे करू देतात का, हा ‘सम्’चा प्रांत, तिथे टक्केवारी चालत नाही.

राहता राहिला समावेशनातला ‘न’. तो इंग्रजी शब्दाच्या शेपटीकडे पाहून जोडलेला दिसतो आणि अर्थात काहीच भर घालत नाही. ‘समावेश’ पुरेसा आहे, तोच लिहावा.