फ्लेम रॉडचं कूळ

बॉयलरच्या बर्नरमध्ये खुपसलेली ती बारीक सळई, जिला कारखान्यात सगळे फ्लेम रॉड म्हणतात, ती रेडिओच्या घराण्यातली आहे असं मी सांगतो तेव्हा बॉयलर हाऊसमधली मंडळी माझ्याकडे दयेने बघतात. माझा पुरावा म्हणजे ली डी फॉरेस्ट या अमेरिकी संशोधकाने 1905 साली अर्ज केलेल्या एका पेटंटातली आकृती. खाली बुन्सेन बर्नर, त्याच्या ज्योतीत दोन इलेक्ट्रोड, जोडीला एरियल, बॅटरी आणि टेलिफोनचा रिसीव्हर. एरियल काढून टाका, रिसीव्हरच्या जागी मायक्रोअ‍ॅमीटर लावा, की आजच्या फ्लेम डिटेक्टरचा सांगाडा तयार.

या यंत्राचं काम सगळ्यांना ठाऊक आहे. बर्नर विझला आणि गॅस वाहत राहिला तर भट्टीत स्फोट होतो, म्हणून ज्योत गेली की काही सेकंदांत व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा. धुराड्यातली तापमापी पट्टी आणि थर्मोकपल हे आधीचे पहारेकरी. दोघेही उष्णतेवर विसंबून, म्हणून दोघेही सुस्त. फ्लेम रॉड ज्योतीतून वाहणारी वीजच बघतो.

डी फॉरेस्टला ज्योत राखायची नव्हतीच. 1900 साली शिकागोत तो बिनतारी लहरी पकडायचं साधन शोधत होता. खोलीत गॅसचा दिवा जळत होता, आपल्याकडे वरातीत डोक्यावर मिरवायच्या त्या गॅसबत्तीसारखी जाळी असलेला. पलीकडे ठिणग्या पाडणारी कॉइल सुरू केली की दिव्याचा उजेड बदलायचा. ज्योतीला विद्युतलहरी कळतात, असं त्याने ठरवून टाकलं. मग कॉइल कपाटात कोंडून दार लावलं, तर दिवा ढिम्म हलेना. दार उघडलं की पुन्हा हलायचा. म्हणजे ज्योत लहरींना नव्हे, ठिणगीच्या आवाजाला दाद देत होती!

दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. हा 1903 साली बुन्सेन बर्नर घेऊन पुन्हा बसला, कारण तापलेल्या वायूतून वीज वाहते हे तर खरंच होतं. (ते नवंही नव्हतं. ज्योत विद्युतभार नाहीसा करते हे विल्यम गिल्बर्टने 1600 सालीच नोंदवलं होतं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनच्या पाउल एर्मानने ज्योतीतून वीज दोन्ही दिशांना सारखी जात नाही हे दाखवलं होतं.) पण जहाजावर गॅसची ज्योत घेऊन कोण फिरणार? म्हणून ज्योतीच्या जागी काचेच्या फुग्यात तापलेली तार आली, 1906 साली ऑडियन नावाची ही नळी आली, लवकरच तिच्यात ग्रिड बसली आणि वीज वर्धित करणारी पहिली नळी जगाला मिळाली.

इथे इंग्लंडचे पक्षकार उसळतात. त्यांच्या फ्लेमिंगने 1904 सालीच दोन इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह केला होता. डी फॉरेस्टने तो उचलला आणि ज्योतीची गोष्ट नंतर रचली, असं ते म्हणतात. 1916 साली अमेरिकी न्यायालयाने ऑडियन फ्लेमिंगच्या पेटंटावर अतिक्रमण करतो असा निकालही दिला. 1943 साली सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंटच रद्द ठरवलं, पण ते कायद्याच्या कारणासाठी. त्यातून कूळ सिद्ध होत नाही. डी फॉरेस्टला फ्लेमिंगचं काम ठाऊक होतं, हे मीही मानतो. तरीही माझं मत त्याच्याच बाजूने पडतं. फुग्यात थोडा वायू उरलाच पाहिजे, त्याशिवाय नळी चालणार नाही, असा हट्ट त्याने कित्येक वर्षं धरला. तो हट्ट चुकीचा होता. पुढे लँगम्युअर आणि अर्नोल्ड या संशोधकांनी कडक निर्वात नळीच उत्तम हे दाखवून दिलं. पण निर्वात व्हॉल्व्ह चोरणारा माणूस वायूसाठी कशाला अडून बसेल? त्याच्या डोक्यात शेवटपर्यंत बुन्सेनची ज्योतच होती.

फ्लेम रॉड थेट त्या पेटंटावरून बेतला, असं माझं म्हणणं नाही. पण ज्योतीतला प्रवाह जेमतेम काही मायक्रोअ‍ॅम्पियर. तो वाढवून रिले ओढायला ट्रान्झिस्टर येण्याआधी नळीच लागायची. ज्योतीच्या पोटी जन्मलेली नळी अशी ज्योतीच्याच पहाऱ्याला परत आली.

खरी करामत एर्मानने दाखवलेल्या ज्योतीच्या त्या एकांगीपणात आहे. रॉडला एसी दाब देतात; दुसरा इलेक्ट्रोड म्हणजे अर्थ केलेलं बर्नरचं तोंड, आणि त्याचं ज्योतीत असलेलं क्षेत्रफळ रॉडच्या निदान चौपट ठेवतात. इलेक्ट्रॉन चपळ, धन आयन जड. त्यामुळे रॉड धन असताना प्रवाह चांगला वाहतो, ऋण असताना नावापुरता. एसीचा डीसी होतो. रॉड बर्नरला टेकला, ओल आली, काजळीने वाट करून दिली, तर प्रवाह दोन्ही दिशांना सारखा वाहतो आणि अ‍ॅम्प्लिफायर त्याला ज्योत मानत नाही.

ज्योतीचा अतिनील (यूव्ही) उजेड बघून पहारा करणाऱ्या यूव्ही स्कॅनरचं कूळ वेगळं, आणि खरं सांगायचं तर जास्त खानदानी. 1887 साली हर्ट्झला दिसलं की एका ठिणगीच्या अतिनील उजेडाने दुसरी ठिणगी सहज पडते. 1928 साली गायगर आणि म्युलर यांची नळी आली. यूव्ही ट्यूब तिचीच बहीण. पण या घराण्याला जन्मदोषही हर्ट्झनेच दिला. इग्निशनची ठिणगीसुद्धा अतिनील उजेड टाकते, म्हणून गॅस बंद ठेवून नुसती ठिणगी पाडून बघावं लागतं: सिग्नल आला तर स्कॅनरचा रोख बदला. शिवाय म्हातारी ट्यूब अंधारातही ज्योत असल्याची ग्वाही देते. त्यासाठी सतत चालणाऱ्या बर्नरवर थोड्या थोड्या वेळाने डोळा झाकणारं शटर बसवतात. झाकल्यावरही सिग्नल आला की लॉकआउट, म्हणजे बर्नर बंद. शिकागोच्या कपाटाचं दार हेच काम करत होतं.

रॉडला शटर लागत नाही, मीटर मात्र लावत राहावा लागतो. प्रवाह घसरला की लोक रॉड काढून पॉलिश पेपरने घासतात, त्याच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरला तडा गेलाय का बघतात, आणि तरी काटा वर येत नाही. कारण पेटंटातल्या आकृतीत इलेक्ट्रोड दोन आहेत. दुसरा म्हणजे बर्नरचं गंजलेलं तोंड आणि सैल झालेली अर्थची वायर. पाना तिथे लावायचा असतो.