हिराकुड : बाबासाहेब स्टेटसला आणि तडे भिंतीला

दरवर्षी १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आमच्या मोबाईलवर एक पोस्ट हमखास येते. निळ्या पार्श्वभूमीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी धरणाचे चित्र आणि खाली मजकूर : देशातली मोठी धरणे बाबासाहेबांनी बांधली. आम्हीही ती पुढे पाठवली आहे, खोटे कशाला बोलायचे? पण ती अर्धवट आहे. आणि अर्धवट इतिहासाचा फायदा आपल्याला होत नाही, समोरच्याला होतो. एक चूक दाखवली की तो सगळेच नाकारायला मोकळा. म्हणून एकच धरण घेऊ आणि त्याचा हिशोब नीट मांडू : ओडिशातले महानदीवरचे हिराकुड.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. सिंचन आणि वीज हे विषय याच खात्याकडे होते. १९४३ साली दामोदर नदीने बंगालमध्ये हाहाकार केला, आणि त्या प्रश्नावर ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याला झालेल्या परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेब होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग उभा राहिला. आजचा केंद्रीय जल आयोग तोच. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकला महानदीची परिषद झाली, तिथेही अध्यक्ष बाबासाहेबच. ओडिशात पुरावर उपाय म्हणून नदीच्या दोन्ही काठांना बांध घालत राहण्याची रीत होती. बाबासाहेबांनी तो विचारच उलटा केला. जास्त पाणी हे संकट नाही, पाणी नसणे हे मोठे संकट आहे, तेव्हा पाणी हाकलण्याऐवजी साठवा आणि त्यातून सिंचन, वीज, जलवाहतूक असे सगळे एकत्र साधा, ही त्यांची मांडणी. धरणांचा विचार १९३७ च्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांनीही सुचवला होता, हेही सांगायला हवे. पण सूचना फायलीत पडून राहतात. केंद्र, ओडिशा, मध्यप्रांत आणि संस्थाने यांना एका टेबलावर बसवून तपासाचे काम आयोगाकडे सोपवायला मंत्री लागतो. तो मंत्री बाबासाहेब होते.

पुढचा क्रम मजेशीर आहे. पायाभरणीचा दगड १५ मार्च १९४६ रोजी ओडिशाचे गव्हर्नर हॉथॉर्न लुईस यांनी बसवला आणि प्रकल्पाचा अहवाल आला जून १९४७ मध्ये. आधी दगड, मग अभ्यास! हा सरकारी रिवाज जुनाच आहे. एप्रिल १९४८ मध्ये नेहरूंनी काँक्रीटचा पहिला थर टाकला. १३ जानेवारी १९५७ रोजी त्यांनीच उद्घाटन केले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा ३८ दिवस झाले होते.

नेहरूंनी धरणांना आधुनिक भारताची मंदिरे म्हटले, हे शाळेत सगळ्यांना शिकवतात. आम्हाला ही उपमा कधीच पटली नाही. मंदिर म्हटले की उद्घाटन आले, नारळ आला, नवस आला. देखभालीचे रजिस्टर येत नाही. धरण हे यंत्र आहे आणि यंत्र झिजते.

हिराकुड कसे झिजले ते पाहा. मुख्य धरण ४.८ किलोमीटर, दोन्ही बाजूंचे मातीचे बांध धरले तर लांबी २५ किलोमीटरच्या वर. ६४ तळदरवाजे आणि ३४ माथ्याचे दरवाजे, एकूण ९८. सगळे उघडले तर सुमारे १५ लाख क्युसेक पाणी बाहेर जाऊ शकते. ही क्षमता त्या काळी हाती असलेल्या नोंदींवर ठरली. पुढे नव्या पद्धतीने हिशोब केला तेव्हा येऊ शकणारा सर्वात मोठा पूर २४ लाख क्युसेकच्या घरात निघाला. म्हणजे दार लहान आणि येणारा लोंढा मोठा. म्हणूनच जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या धरण पुनर्वसन कार्यक्रमात हिराकुडला जादा सांडवा बांधायचे ठरले.

दुसरे दुखणे काँक्रीटच्या पोटातले. सिमेंटमधला अल्कली आणि काही जातींच्या खडीतली सिलिका यांची हळूहळू अभिक्रिया होते. त्यातून तयार होणारा चिकट पदार्थ पाणी शोषून फुगतो, काँक्रीट आतून ताणले जाते आणि तडे जातात. याला दशके लागतात, त्यामुळे बांधणारा निवृत्त होऊन जातो आणि तडा पुढच्याच्या वाट्याला येतो. हिराकुडच्या सांडव्यात हे घडले. पाण्याखाली उतरून तडे भरावे लागले.

तिसरी गोष्ट गाळ. मूळ साठा ८१३ कोटी घनमीटर होता. नंतरच्या मोजणीत तो ५९० कोटींच्या आसपास भरला, म्हणजे पाव हिश्शाहून जास्त जागा मातीने खाल्ली. इथे नीट लक्ष द्या, कारण खरे राजकारण इथे आहे. पूर अडवायचा तर पावसाळ्यात धरण रिकामे ठेवावे लागते. शेती, वीज आणि कारखाने यांना पाणी द्यायचे तर पावसाळा संपताना ते ६३० फुटांपर्यंत भरलेले लागते. जागा कमी झाली आणि मागणारे वाढले, की रिकामे ठेवण्याची हिंमत कोण करणार? मग धरण भरत आलेले असताना मोठा पाऊस येतो आणि एकदम दरवाजे उघडावे लागतात. त्यात धरणाच्या खाली तेलसारख्या उपनद्या महानदीला मिळतात, त्यांच्यावर हिराकुडचा काही ताबा नाही. सप्टेंबर २०११ च्या पुरात खालचा त्रिभुज प्रदेश बुडाला तेव्हा हाच प्रश्न लोकांनी विचारला. त्याआधी २००६-०७ मध्ये हजारो शेतकरी कारखान्यांना दिल्या जाणाऱ्या पाण्याविरुद्ध हिराकुडवर धडकले होते. ही दोन भांडणे वेगळी वाटतात, पण मूळ एकच : भरलेल्या पाण्यावर हक्क कुणाचा आणि सोडलेल्या पाण्याचा धोका कुणाचा.

ज्यांनी जमीन दिली त्यांचे काय झाले तेही बोलायला हवे, कारण आमच्या गौरवाच्या पोस्टमध्ये ते कधीच नसते. २८५ गावे बाधित झाली. संबळपुरात १९४६ पासून विरोध सुरू होता. विस्थापितांच्या कित्येक नव्या वस्त्यांना दशकानुदशके महसुली गावाचा दर्जाही मिळाला नाही, म्हणजे कागदावर माणसे आहेत पण गाव नाही. बाबासाहेबांचे नाव घेऊन आपण हा भाग गाळत असू, तर त्यांच्याकडून काय शिकलो? १९४६ च्या मध्यात ते त्या पदावरून दूर झाले होते, भूसंपादन पुढच्या सरकारांनी केले. हे खरे आहे. पण एवढे म्हणून आपली सुटका होत नाही.

हे सगळे ओडिशाचे, आपल्याला काय, असे कुणी म्हणेल. देशातली सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, दोन हजारांहून अधिक. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटले. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे गेली. तिवरे तर विशीतलेसुद्धा नव्हते. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधीच तक्रार केलेली होती. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी दोष दिला खेकड्यांना. खेकड्यांची चौकशी समिती नेमता येत नाही, हा त्यातला सोयीचा भाग.

आणि धरणाखाली कोण राहतो? गावात आमची वस्ती कुठे असते हे आम्हाला कुणी सांगायला नको. ओढ्याकाठी, उताराला, जिथे पाणी आधी येते. सूचनेची दवंडी आणि भोंगा मात्र चावडीवर.

३० डिसेंबर २०२१ पासून धरण सुरक्षा कायदा लागू आहे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी त्यात बंधनकारक आहे. प्रत्येक धरणाचा आपत्कालीन कृती आराखडा पाच वर्षांत, म्हणजे ३० डिसेंबर २०२६ पर्यंत तयार व्हायला हवा. धरण फुटून मेलेल्यांच्या घरच्यांना भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही, तिच्यासाठी वेगळे भांडावे लागेल. पण तपासणीचा अहवाल आणि आराखडा माहिती अधिकारात मागता येतो. त्यासाठी अभियंता असावे लागत नाही. आमच्या तालुक्यातल्या धरणासाठी आम्ही अर्ज लिहायला घेतला आहे. त्यात प्रश्न तीनच आहेत : शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, तपासणीत निघालेल्या दुरुस्तीपैकी कोणती अजून झालेली नाही, आणि पाणी सोडल्यास कळवायच्या वस्त्यांच्या यादीत बौद्धवाड्याचे नाव आहे का?