सीमे

सीमे : परमुलूख, विशेषतः युरोप, आणि तिकडून आलेली वस्तू या अर्थांनी कन्नडमध्ये रूढ असलेला शब्द. बेंगळुरूच्या पूर्वेस, कोलारच्या वाटेवरील होसकोटे भागात तो रोजच्या बोलण्यातला आहे. मराठीत हेच काम ‘विलायती’ हा शब्द करतो.

व्युत्पत्ती : संस्कृत ‘सीमा’. मराठीतली गावाची ‘शीव’ याच शब्दाची. मराठीने हद्दीचा अर्थ राखला. कन्नडमध्ये मात्र हद्दीच्या आतल्या मुलखालाही सीमे म्हणू लागले. विजयनगरच्या राज्यात सीमे हा कारभाराचा एक विभाग होता. ‘बयलुसीमे’ (मैदानी प्रदेश) आणि तेलुगूतील ‘रायलसीमा’ या नावांत तो अर्थ टिकून आहे. पुढे दूरचा मुलूख आणि त्यावरून समुद्रापलीकडचा देश, असा अर्थ वाढत गेला. ‘विलायत’ही अशीच बदलली : अरबीत प्रांत, मराठीत इंग्लंड.

उपयोग : ‘सीमे येण्णे’ म्हणजे घासलेट, ‘सीमे सुण्ण’ (शब्दशः परदेशी चुना) म्हणजे खडू. जर्सी वा होल्स्टीन संकराची गाय ती ‘सीमे हसु’. गावठी गाय ‘नाटि हसु’. ‘सीमे हुणसे’ म्हणजे आपली विलायती चिंच. तेलुगूत तीच ‘सीम चिंत’. हे झाड मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतले, म्हणजे विलायतेशी त्याचा संबंध नाही. ‘परका’ एवढेच सांगणे हा या शब्दाचा खरा अर्थ. देश कोणता, हे तो सांगत नाही. ‘सीमे बदने’ (चौचौ) हेही मेक्सिकोचेच फळ. कन्नडमध्ये ते परदेशी वांगे, तर तेलुगूत ‘बेंगळूरु वंकाय’, म्हणजे बेंगळुरूचे वांगे. होसकोटे-कोलार पट्ट्यात दोन्ही भाषा चालतात. तिथे एकच भाजी एका भाषेत परदेशी, तर दुसऱ्या भाषेत शेजारच्या शहराची ठरते.

मराठी संबंध : विजापूरकरांनी १६३८ मध्ये बेंगळुरू घेतल्यावर शहाजीराजांना मिळालेल्या जहागिरीत होसकोटे आणि कोलारही होते. तेव्हापासून या भागात मराठी वस्ती आहे. अशा दुभाषी मुलखात ‘सीमे’ आणि ‘विलायती’ शेजारी ठेवून पाहता येतात.

सद्यःस्थिती : परदेशी जाण्याविषयी बोलताना आता ‘विदेश’ किंवा ‘फॉरिन’ म्हणतात. नव्या वस्तूंना सीमे क्वचितच लागते. जुन्या वस्तूंच्या नावांत मात्र ते कायम आहे. कोणती झाडे, जनावरे आणि जिन्नस बाहेरून येऊन इथले झाले, याची नोंद म्हणून ही नावे जपण्याजोगी आहेत.