बडोद्याची फिरती पेटी आणि शाळा सुटलेली मुले

बडोदे संस्थानातील ग्रंथालयांचा इतिहास सांगताना अमेरिकेचा उल्लेख प्रथम होतो, आणि तो अयोग्य नाही. सयाजीराव महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली व १९१० मध्ये विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डेन या ग्रंथपालास बडोद्यास आणविले. तथापि या चळवळीची निकड निर्माण झाली ती संस्थानाच्याच शाळांतून. अमरेली तालुक्यात १८९३ मध्ये आरंभिलेला सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १९०६ मध्ये संस्थानभर लागू झाला. सक्तीचे वय संपताच मुलगा शेताकडे वळे, मुलगी सासरी जाई. पाटी सुटली की अक्षरही सुटावे, अशी ही स्थिती. शिक्षणावरील खर्च वाया जाऊ नये, हा ग्रंथालयांमागील रोकडा हिशेब होता.

म्हणून पुस्तकच गावाकडे निघाले. मजबूत लाकडी पेटीत निवडक ग्रंथ भरून ती खेड्यात पाठवावयाची, आणि वाचून झाली की दुसरी मागवावयाची. वाहतुकीचा भार सरकारचा. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी चित्रांचे व खेळांचे निराळे दालन होते, स्त्रियांच्या वाचनाची व्यवस्था वेगळी होती. निरक्षर आईबापांनाही वगळले नव्हते: जादूचा कंदील व चलच्चित्रे त्यांच्यासाठी गावोगाव दाखविली जात. एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांचा असा एकत्र विचार त्या काळी हिंदुस्थानात अन्यत्र क्वचितच झाला असेल.

गावच्या ग्रंथालयाचा खर्च मात्र सरकारने एकट्याने उचलला नाही. गावकऱ्यांनी एक हिस्सा जमविला तर तेवढाच प्रांत पंचायतीने व तेवढाच सरकारने द्यावा, असा नियम होता. गावाला लागलेली ही गोडी केवळ राजाज्ञेने उत्पन्न झालेली नव्हे. मोतीभाई अमीन या शिक्षकाने १९०६ पासूनच ‘मित्रमंडळ’ वाचनालये उभारून जमीन नांगरून ठेविली होती. बोर्डेन १९१३ मध्ये परतले, तरी काम थांबले नाही, याचे श्रेय अशा माणसांस आहे.

या रचनेत एक जागा मात्र रिकामी राहिली. बालदालनातून उठलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलासमोर एकदम प्रौढांची कपाटे येत. मधली पायरी नव्हती. यासाठी बडोद्यास दोष देणे कठीण आहे, कारण खुद्द अमेरिकेत कुमारांसाठी स्वतंत्र दालन क्लीव्हलंड येथे निघाले तेच १९२५ मध्ये. पण ज्या वयासाठी मुळात हा सारा खटाटोप आरंभिला होता, नेमके तेच वय या दोन दालनांच्या मध्ये राहून गेले.