हातगुण

एखाद्या डॉक्टरला ‘हातगुण आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो जणू उपजत असतो असे गृहीत धरतो. वस्तुतः तो कमवावा लागतो, आणि रुग्णाच्या खाटेशीच कमावता येतो. साथींचा इतिहास याची दोन परस्परविरोधी उदाहरणे देतो.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात कृत्रिम श्वसनयंत्रे मोजकीच होती. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेला छेद देऊन रबरी पिशवीने फुप्फुसांत हवा भरण्याचा मार्ग दाखवला. ही पिशवी अहोरात्र दाबायला हात हवे होते. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून ते काम केले. साथीने त्यांना खाटेपाशी आणून बसवले होते.

२०२० मध्ये नेमके उलटे घडले. १७ मार्चला अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने विद्यार्थ्यांचा रुग्णांशी थेट संबंध थांबवण्याची शिफारस केली. २५ मार्चला भारतात टाळेबंदी सुरू झाली. संसर्गाचा धोका आणि संरक्षक पोशाखांचा तुटवडा पाहता हा निर्णय अनाठायी नव्हता. परंतु व्याख्यान पडद्यावर नेता येते. बोटांना जाणवणारी यकृताची कड किंवा छातीवर ठोकल्यावर बदलणारा नाद तिथे नेता येत नाही. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना कामाला घेण्याचे ठरवले, तेही दूरध्वनीवरून सल्ला देण्यासाठी आणि सौम्य रुग्णांवर देखरेख ठेवण्यासाठी. आंतरवासितेतील डॉक्टर वॉर्डात गेले, पण बहुधा एकाच रोगाने भरलेल्या.

या उणिवेची अधिकृत कबुली जुलै २०२२ मध्ये मिळाली. साथीमुळे वा युद्धामुळे चीन-युक्रेनमधून परतून शेवटचे वर्ष ऑनलाइन पुरे केलेल्या पदवीधरांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एकाऐवजी दोन वर्षांची आंतरवासिता बंधनकारक केली. पदवी हाती आली होती, हात तयार व्हायचे होते.

त्या काळात आपण साहित्याचे अध्यापकही पडद्यावरच शिकवत होतो. आपली संहिता, कशीबशी का होईना, विद्यार्थ्यांच्या घरी पोहोचली. त्यांची संहिता म्हणजे वेदनेने कण्हणारा माणूस. ती रुग्णालयातच राहिली. यंत्राने केलेल्या तपासण्यांवर अधिक विसंबणारी एक पिढी त्यातून घडली असेल, तर तिला दोष देण्यापूर्वी हे आठवावे. मुकलेला वर्ग पुन्हा भरवता येतो. मुकलेला स्पर्श मात्र पुढच्या रुग्णाच्या अंगावरच शिकावा लागतो, आणि त्या वेळी शेजारी गुरू असेलच असे नाही.