दवा म्हणजे ज्वारी

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं होतं, "सर, आपलं पारंपरिक अन्न म्हणजे नेमकं कोणतं?" तेव्हा वेळ संपली होती. आज उत्तर देतो, पण सुरुवात व्याख्येपासून नको, एका खानावळीपासून करू.

१९८० च्या दशकातली गोष्ट. धंतोलीत तेव्हाही दवाखाने होते, आजच्याइतके नव्हते. एका गल्लीत एक काकू खानावळ चालवायच्या. दोन लाकडी बाकं, ज्वारीची भाकर, झुणका, पाट्यावरची चटणी, उन्हाळ्यात आंबील. नागपुरात शिकायला आलेला एक नायजेरियन विद्यार्थी माझ्या ओळखीचा झाला होता. कानो शहरचा, मातृभाषा हौसा. वसतिगृहाच्या जेवणाला कंटाळला होता, म्हणून मी त्याला तिथं घेऊन गेलो.

दाराशी ज्वारीचं पोतं उघडं पडलं होतं. यानं मूठभर दाणे उचलले, नाकाशी नेले आणि ओरडलाच, "दवा! दवा!" काकू घाबरल्या. "काय झालं जी याले? पोट दुखते का?" आता धंतोलीत माणूस दवा मागणार म्हणजे काहीतरी दुखतच असणार! मग उलगडा झाला. हौसा भाषेत ज्वारीला 'दवा' म्हणतात.

त्या दिवसापासून तो तिथलाच झाला. जेवताना सांगायचा. त्यांच्याकडे ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून घट्ट गोळा करतात, तो 'तुवो'. तो हातानं तोडायचा आणि कालवणात बुडवून खायचा. आंबील प्यायल्यावर त्याला 'कुनू' आठवला. तोही ज्वारी-बाजरीच्या पिठाचाच. त्यात आलं, लवंग घालतात, कधी चिंचेचा कोळ. पोळ्याला काकूंनी बरबटीचे वडे तळले, तर हा म्हणाला, "हे तर आमचे कोसाई!" बरबटी म्हणजे चवळी. भिजवून, सालं काढून, वाटून तळलेले चवळीचे वडे तिकडे सकाळी रस्त्यावर विकतात. आणि हिवाळ्यात लाल अंबाडीच्या बोंडांचं शरबत पुढं आलं, तेव्हा तो जरा वेळ बोललाच नाही. ते त्याच्या घरचं 'झोबो' होतं. तोच रंग, तीच आंबट चव.

एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. एकदा शेजारच्या बाकावरचे गृहस्थ ताट उचलून पलीकडे जाऊन बसले. जाता जाता म्हणाले, "या लोकांना आपलं अन्न काय कळणार?" मी काही बोललो नाही. सकाळीच वर्गात अद्वैत शिकवून आलो होतो, आणि तिथं मान खाली घालून भाकर मोडत राहिलो. काकूंनी त्याच्या ताटात आणखी एक भाकर टाकली. म्हणाल्या, "खा बापा, जवारी तुह्याही घरची आहे."

आता इतिहास काय सांगतो ते बघा. ज्वारी मुळात आफ्रिकेतली. पूर्व सुदानमध्ये, कसालाच्या परिसरात, पाच हजार वर्षांपूर्वीच्या खापरांवर लागवडीच्या ज्वारीचे ठसे सापडले; ते संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. बाजरी सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातली, चवळी पश्चिम आफ्रिकेतली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकात ही पिकं भारतात पोचलेली होती. अंबाडीचं मूळही आफ्रिकेतच मानतात. चिंचेची तर गंमतच आहे. अरबांनी तिला 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, असं नाव दिलं; झाड मूळचं आफ्रिकेचं. आणि मिरची? ती अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. म्हणजे ज्या तिखटासाठी आपलं सावजी जेवण ओळखलं जातं, ते तिखट ज्वारीपुढं कालचं पोर आहे.

मग आपलं काय उरलं? इथं मला भारतीय दर्शनांतला कारणविचार आठवतो. घडा होतो मातीचा, पण तो घडवतो कुंभार. माती हे उपादान कारण, कुंभार हे निमित्त कारण. कानोत आणि नागपुरात उपादान एकच, ज्वारी. तिथल्या बाईनं ती घोटली, इथल्या बाईनं थापली. परंपरा त्या हातात आहे, बियाण्याच्या जन्मदाखल्यात नाही. जन्मदाखलाच मागायचा म्हटला, तर त्या गृहस्थांना आपलं ताट सोडून उठावं लागलं असतं. आणि हाताचे कष्ट मोजायचे म्हटले, तर त्या ताटावर कानोच्या पोराचाही हक्क होता. दवा पेरणाऱ्या, कापणाऱ्या घरातून तो आला होता. दोन्हीकडून बघा, त्याला परका ठरवायला जागा नाही. एवढा साधा युक्तिवाद मला त्या दिवशी सुचला नाही. खरं सांगायचं तर सुचला असता तरी बोललो असतो की नाही, कुणास ठाऊक. काकूंना युक्तिवाद लागला नाही.

ती खानावळ आता नाही. विदर्भात ज्वारीच्या कितीतरी शेतांत सोयाबीन आलं. गरिबाचं अन्न म्हणून भाकर घराघरांतून मागं पडली, आणि २०२३ मध्ये भारताच्याच प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं वर्ष साजरं केलं, तेव्हा तीच ज्वारी चकचकीत पाकिटात महाग होऊन परत आली. पण धंतोलीत आजही दवाखान्यांबाहेर खेड्यांतून आलेले नातेवाईक फडक्यातली भाकर सोडून बसलेले दिसतात. मी तिथून जातो तेव्हा मला 'दवा' हा शब्द दोन्ही अर्थांनी ऐकू येतो.

तर ज्यांनी प्रश्न विचारला होता, त्यांना माझं उत्तर असं: आपलं अन्न कोणतं, हे ते कुठून आलं यावरून ठरवू नका. ते कुणी रांधलं आणि कुणाला वाढलं, ते विचारा. आणि घरात आंबील करता येणारी आजी असेल, तर ती कशी करते ते याच आठवड्यात लिहून घ्या.