व्हाया नागपूर

१९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात जमायची, टपालाच्या थैल्या बदलायची आणि सकाळपर्यंत आपापल्या शहरी परतायची. मुंबईहून कलकत्त्याला निघालेलं पत्र नागपूर पाहून जायचं. पाकिटावर मात्र नागपूरचं नाव नसायचं.

इंटरनेटवरचे फोटोही असेच वाट वाकडी करून येतात. विकिडेटाच्या क्वेरी सेवेकडे एखाद्या ॲपने दीक्षाभूमीचा फोटो मागितला, तर हाती पडते ती ‘स्पेशल:फाइलपाथ’ नावाची एक मधली लिंक. तिथे गेलं की सर्व्हर सांगतो, ‘फोटो इथे नाही, तिकडे जा.’ या ‘तिकडे जा’चे आकडे १९९६ साली एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात नोंदले गेले: ३०१ म्हणजे कायमचं स्थलांतर, ३०२ म्हणजे तात्पुरतं.

मग सरळ शेवटचाच पत्ता जपून का ठेवू नये? बरेच प्रोग्रामर नेमकं तेच करतात, आणि इथेच घोळ होतो. २००४ साली सुरू झालेल्या विकिमीडिया कॉमन्सवर फाइल कुठल्या फोल्डरमध्ये जाणार, हे तिच्या नावावरून ठरतं. नावाचा एमडी५ हॅश काढायचा. त्याचं पहिलं अक्षर एक फोल्डर, पहिली दोन अक्षरं त्याच्या आतला दुसरा. आता कॅमेऱ्याने दिलेलं ‘आयएमजी’ छापाचं अर्थहीन नाव बदलून कुणी ‘दीक्षाभूमी, नागपूर’ केलं (असली कामं माणसं फुकट करतात, हे विशेष) की हॅश बदलतो आणि फोल्डरही. जपून ठेवलेली थेट लिंक मेली. नागपूरवरच्या लेखात फोटोऐवजी रिकामी चौकट उरते.

जुन्या नावाच्या पानावर मात्र सहसा रीडायरेक्ट मागे राहतं. म्हणून विचारायचं ते मीडियाविकीच्या एपीआयला: ‘ॲक्शन=क्वेरी’, जुनं नाव, सोबत ‘रीडायरेक्ट्स’, आणि ‘इमेजइन्फो’तून ‘यूआरएल’. उत्तरात कोणत्या नावावरून कोणत्या नावावर गेलो ते येतं आणि फोटोचा आजचा पत्ताही. म्हणजे जपायचं ते नाव. पत्ता दर वेळी नव्याने विचारायचा.

त्याच विनंतीत ‘एक्स्टमेटाडेटा’ मागितला की फोटो काढणाऱ्याचं नाव आणि परवानाही मिळतो. कॉमन्सवरचे कितीतरी फोटो, नाव दिलंत तरच वापरा, या अटीवर आहेत. नुसती ‘.जेपीजी’ची लिंक उचलणाऱ्याच्या हाती ते नाव लागत नाही, आणि नागपूरच्या उन्हात उभं राहून तो फोटो काढणारा माणूस वाटेतच गळून जातो.